बेलपानाची कुऱ्हाड

पोलीस ठाणे जिंतूर, जिल्हा परभणी. माहे आजर, सन १३५३ फसली, इसवी ऑक्टोबर १९४३.

जबाब देणार शिवम्मा, बेवा अण्णाराव, वय अंदाजे पंचावन्न, लिंगायत, धंदा किराणा दुकान, राहणार मौजे बोरी, तालुका जिंतूर. गावात अव्वा या नावाने ओळखतात.

मौजे बोरी येथील काश्तकार दिनकरराव वल्द व्यंकटराव यांनी कुऱ्हाड चोरीची फिर्याद दिली असून त्या कामी मुंजाजी, धंदा लाकूड फोडणे, राहणार सदर, हा हवालातीत आहे. फिर्यादी ठाण्यात हजर आहे. साक्षीदार न बोलावता हजर झाली. मोहर्रिरने, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाने, तिचे बोलणे शुद्ध भाषेत लिहिण्यास सुरुवात केली असता "मी असं बोललेच न्हाई" अशी तिने हरकत घेतली. सबब ठाण्याचे अंमलदार अमीनसाहेब यांच्या हुकमाने पुढील मजकूर तिच्याच बोलीत घेतला आहे.

समक्ष जबाब देते की, मुंजाजीनं चोरी केली न्हाई. ती कुऱ्हाड त्याला मी दिली. हे आधी लिवा, बाकीचं मागून. जमादारसाहेब गावात आले तवा बी मी हेच सांगत होते. ते म्हणले, "अव्वा, तू तुझं दुकान बघ." म्हून आता दुकानाला कुलूप लावून आले. बैलाची वैरण, माझ्या पूजेचं सामान अन् भाकरी संगं बांधून आणल्यात. मुंजाजी सुटल्याबिगर मी या ठाण्याच्या पायरीवरून हलणार न्हाई.

अमीनसाहेबांनी इचारलं की किराणा दुकानवालीचा अन् कुऱ्हाडीचा काय संबंध. तर मला गंजलेल्या जुन्या हत्यारांचा शोक हाय. हत्यारं म्हंजी मारामारीची न्हवं, कामाची. विळे, खुरपी, कुदळी, सुताराचे वाकस, कुऱ्हाडी. उकिरड्यात, पडक्या आडात, बांधाच्या दगडांत कुठं लोखंड दिसलं की मला चैन पडत न्हाई. उचलून आणते, चिंचेच्या पाण्यात भिजत घालते, विटेच्या भुकटीनं घासते, करडीच्या तेलाचा गाळ चोळते, दांडा बसवते, धार लावते. जमादारसाहेब हसायलेत, हसू द्या. सारं गाव हसतंय. पोरी गूळ न्यायला येतात अन् म्हणतात, "अव्वा, आज कुणाला न्हाऊ घालायलीस?" मी म्हणते, तुझ्या सासूला, गूळ घे अन् चालायला लाग.

याच्यात फायदा काय, असं मोहर्रिरनं इचारलं. काही न्हाई. आजवर एक बी हत्यार इकलं न्हाई. शोकाला कुणी फायदा इचारतं व्हय? तुमी मघापासून पान खायलात, त्याचा काय फायदा? हे बी लिवा.

हा नाद मला आमचे मालक गेल्यावर लागला. त्यांचा अडकित्ता माळ्यावर पडून पार गंजला होता. एका दुपारी काढला अन् घासायला बसले. दिवेलागण झाली तरी घासायलेच होते. ते गेल्यापासून दिवस कसा सरला ते कळलं न्हाई, असा तो पहिलाच दिवस. मी सुपारी खात न्हाई. अडकित्ता दुकानात खुंटीला टांगलेला हाय, कुणी बी येऊन बघावा.

आता माझ्या कामाची रीत लिवून घ्या, कारण या कज्ज्याचा निकाल तिच्यावरच हाय. दांड्याला मी पाचर घालते. खिळा कधीच ठोकत न्हाई. खिळ्यानं लाकूड चिरतं, दांडा वाळला की भोकात खेळायला लागतो, अन् एखाद्या घावाला पातं निसटून उडतं. लोकांना घाई असती. हाताला खिळा सापडला की ठोकला अन् मोकळे झाले. तसा दांडा कुणी माझ्याकडं आणला तर त्याच्या तोंडावर उपसून चुलीत घालते. यात मी कुणाचं ऐकत न्हाई, पाटलाचं बी ऐकलं न्हाई. पाचर शिसवाची असती. आमच्या घरी शिसवाची खाट होती, तिच्या पायाचं लाकूड हाय. ती खाट आता लागत न्हाई.

दुसरी रीत अशी की, मी समदा गंज काढत न्हाई. एक ठिपका ठेवते. देखण्या लेकराला तीट लावतो तसा. कुऱ्हाड असली तर तो ठिपका दांड्याच्या भोकात आतल्या अंगाला ठेवते, वरून दिसत न्हाई. दृष्ट लागू नये म्हून म्हणा, न्हाईतर हे लोखंड कुठून उठून आलंय त्याची आठवण म्हून म्हणा. माझ्या हातून गेलेल्या एकूणएक हत्याराला ती तीट हाय.

तिसरी रीत देण्याची. हत्यार तयार झालं की ज्याच्या हाताला त्याचं काम हाय त्याला मी ते देते अन् दोन वचनं घेते. रोज वापरायचं, पडू द्यायचं न्हाई. अन् खंडेनवमीला धुऊन पुसून दाराबाहेर पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, समद्यांच्या डोळ्यांपुढं पुजायचं. उकिरड्यात पडलेली वस्तू, तिला एक दिवस तरी चार माणसांत मान मिळावा, एवढीच माझी हौस.

ही कुऱ्हाड मला औंदा उन्हाळ्यात सापडली. आमच्या वेशीबाहेर एक जुना उकिरडा हाय. त्याला मालक न्हाई, ज्याला लागंल तो खत नेतो. पाऊस पडायच्या आधी लोक गाड्या भरायला लागले की खालचं खत वर येतं, अन् त्याच्यासंगं कायबाय वर येतं. मी त्या दिवसांत रोज एक चक्कर मारते. गाडीवाले म्हणतात, "अव्वा आली, बैल सांभाळा, नाल काढून न्हेईल." तिथं मला हे पातं मिळालं. नुसता गंजाचा गोळा. भोकात सडक्या दांड्याचं बूड अडकलेलं, अन् त्या बुडात खिळा.

घासता घासता पात्यावर खूण उघडी पडली. बेलाचं पान, लोहारानं ठसवलेलं. बोरीत ही खूण व्यंकटरावाच्या घरची. त्यांच्या समद्या लोखंडावर असती. व्यंकटराव म्हंजी फिर्यादी दिनकरचा बाप. त्यांना जाऊन काही सालं झाली. फिर्यादी म्हणतो कुऱ्हाड त्याच्या बापाची हाय. ते खरं हाय. त्याच्याबद्दल माझी तक्रार न्हाई.

ती मी मुंजाजीला दिली, कारण त्याची सवताची कुऱ्हाड मोडली होती अन् तो मागून आणलेल्या कुऱ्हाडीवर लाकडं फोडायचा. ज्यानं त्यानं दिली तर काम, न्हाई दिली तर घरी चूल थंड. मुंजाजी आधी व्यंकटरावाकडं सालगडी होता. त्यानं खूण ओळखली. हात मागं घेतला अन् म्हणला, "अव्वा, ही तर मालकाच्या घरची. मला नगं." मी त्याच्यावर खेकसले. म्हणले, "मी उकिरड्यातून काढली, मी घासली, मी दांडा घातला. देणारी मी हाय. घे मुकाट्यानं." त्यानं घेतली. माणूस तसा गरीब, मोठ्या आवाजाला लगेच ऐकतो.

खंडेनवमीला त्यानं माझं वचन पाळलं. दाराबाहेर पाट मांडला, त्याच्यावर कुऱ्हाड ठेवली, झेंडूची फुलं वाहिली. दिनकर त्या वाटेनं शेताकडं निघाला होता. त्यानं बेलपान बघितलं अन् तिथंच थांबला. "माझ्या बापाची कुऱ्हाड, बाप गेला त्या साली गोठ्यातून चोरीला गेली होती, अन् त्या साली तूच आमचा गडी होतास," असं तो मुंजाजीला म्हणला. लोक जमले. मुंजाजी म्हणला, "अव्वानं दिली." दिनकर म्हणला, "अव्वाच्या पदराआड लपतोस?" अन् जमादाराला बोलावणं गेलं. त्यानं घरात लपवून पूजा केली असती तर हे काहीच घडलं नसतं. माझ्या अटीपायी तो अडकला, अन् हे मला रोज टोचायलंय.

दसरा झाला. बायनाबाईच्या दारी, म्हंजी मुंजाजीच्या बायकोच्या दारी, आपट्याचं सोनं द्यायला कुणी गेलं न्हाई. मी गेले. ती म्हणली, "अव्वा, तुमी दिलेली हाय, तुमीच सोडवा." मी म्हणले, सोडवते.

अमीनसाहेब, पुढचं सांगायच्या आधी दिनकरला बाहेर पाठवा. त्याच्या पुढ्यात मी एक अक्षर बोलणार न्हाई.

(फिर्यादी दिनकरराव यांनी हरकत घेतली. साक्षीदार गप्प बसली व विचारलेल्या कोणत्याही सवालाचे उत्तर देईना. सबब फिर्यादीस आवारात चिंचेखाली बसविण्यात आले. दार लावून घेतले.)

आता सांगते. कुऱ्हाड कुणीच चोरली न्हाई. ती उकिरड्यात नर्मदाबाईनं टाकली. नर्मदाबाई म्हंजी व्यंकटरावाची बायको, दिनकरची आई.

हे मला तिनंच सांगितलं. मी दुकानाच्या ओट्यावर हे पातं घासायले होते अन् ती तिखट न्यायला आली. भोकातला खिळा काही केल्या निघंना. मी वैतागून म्हणले, "कुण्या शहाण्यानं खिळा ठोकलाय, त्याचे हात तोडले पायजेत." नर्मदाबाईनं पात्यावरचं बेलपान बघितलं अन् ओट्यावर बसून ते पदरानं झाकलं. मी पाणी आणलं. तिनं पाणी घेतलं न्हाई. म्हणली, "शिवम्मा, तसं बोलू नको. माझ्या लेकानं ठोकलाय." त्या येळी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मग ती बोलली. व्यंकटराव गेले त्या साली दिनकरनं आपल्या हातानं कुऱ्हाडीला दांडा बसवला. पहिल्यांदाच. नवीन लगीन झालेलं, अंगात हौस. आपून आता घरातले करते झालो असं वाटायचं वय. बापाला न्हेऊन दाखवला. बाप म्हणला, "वा रं पठ्ठ्या!" दुसऱ्या दिशी व्यंकटराव गोठ्यामागं बाभळीचं खोड फोडायला लागले. दांडा खिळ्यापाशी चिरून तुटला, बूड भोकातच राहिलं, अन् पातं उडून त्यांच्या नडगीत बसलं. जवळ नर्मदाबाईबिगर कुणी न्हवतं. मुंजाजी औतावर होता, दिनकर बाजाराला गेला होता. व्यंकटरावानं जखम दाबून धरली. पहिलं काय बोलले असतील, तर, "दिनकराला सांगू नको. नांगराचा फाळ लागला म्हण."

जखम चिघळली, धनुर्वात झाला, ते गेले. शेवटपर्यंत फाळ लागला म्हणूनच सांगायचे. लेक उशाशी बसून त्या फाळाला शिव्या द्यायचा. नर्मदाबाई ऐकायची.

आमच्याकडं अशी रीत हाय की, ज्या लोखंडानं घरातलं माणूस गेलं ते घरात ठेवत न्हाईत, कुणाला देत न्हाईत अन् इकत बी न्हाईत. नर्मदाबाईनं ते पातं पदराखाली झाकलं अन् वेशीबाहेर टाकून आली. पुढं दिनकर इचारायला लागला, बापाची कुऱ्हाड कुठं हाय, मला ती सांभाळून ठेवायचीय. तवा तिच्या तोंडातून निघून गेलं, "चोरीला गेली असंल बाबा." एवढंच बोलली. त्या एका बोलण्यावर आज मुंजाजी आत बसलाय. दिनकर खोटारडा न्हाई. आईनं सांगितलं ते त्यानं खरं धरलं, अन् कुणी बी धरलं असतं. त्याच्यावर माझा राग हाय, पण तो अव्वाच्या पदराआड लपतोस म्हणला त्याचा हाय.

नर्मदाबाई मला म्हणली, "हे परत उकिरड्यात टाक." मी न्हाई म्हणले. लोखंडानं काय वाकडं केलंय? नीट दांडा घातला तर ते कुणाचं घर चालवंल. लय येळ आमची हुज्जत झाली. शेवटी ती म्हणली, "मग कुणाला बी दे, आमच्या घरी येऊ देऊ नको. अन् दिनकराला हे कधी कळता कामा न्हाई." मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून वचन दिलं. अमीनसाहेब, आमच्यात लिंगावर हात ठेवून बोललेलं मोडत न्हाईत. हे मी आज पहिल्यांदा मोडायले.

न इचारता मोडलं न्हाई, ते बी लिवा. कालच्याला मी तिच्या मागल्या दारी गेले. ती जवारी पाखडायली होती. मी म्हणले, "नर्मदा, मला वचनातून मोकळं कर. केलंस तर तोंड उघडते. न्हाई केलंस तरी उघडते अन् पाप माझ्या माथी घेते. तू तुझ्या लेकाला सांभाळायलीस ते मला कळतंय. पण बायनाबाईला बी लेकरं हायत. मुंजाजीला मी सडू देणार न्हाई." तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता दार लावून घेती. मग म्हणली, "गाडी कवा जुपायलीस?"

गाडी बायनाबाईनं हाकली. मागं मी अन् नर्मदाबाई. आरोपीची बायको पुढं अन् फिर्यादीची आई मागं, अशा आमी बोरीहून आलो. वढ्याला बैल पाणी प्याले तवा बायनाबाईनं तांब्या भरला अन् आधी नर्मदाबाईपुढं धरला. नर्मदाबाई प्याली. दोघी बी आता ठाण्याच्या मागल्या पडवीत बसल्यात, दिनकरला दिसणार न्हाई अशा. नर्मदाबाईचा जबाब घ्यायचा असंल तर घ्या, पण तिला काय इचारायचं अन् किती इचारायचं ते इचार करून इचारा. तिला मुंजाजी सोडवायचाय अन् लेकाला बी वाचवायचंय. दोन्ही होऊ शकतंय. मी होऊ देते, तुमी फक्त आडवं येऊ नका.

ती कुऱ्हाड मागवा अन् दांडा ठोकून काढा. आत गंजाचा ठिपका निघंल. खोल खड्डे पडलेला, मातीनं खाल्लेला. मुंजाजीनं चोरून वापरली असती तर लोखंड असं सडलं असतं का? कामातल्या लोखंडाला असा गंज चढत न्हाई. दांडा काढायचा तर पाचर फुटंल, त्याची फिकीर करू नका. ती फुटणार हे मला ठाऊक होतं. दुसरी कमरंला खोचून आणलीय.

(पंच बोलावले. फिर्यादीस आत बोलावले. पंचांसमक्ष दांडा काढला असता भोकाच्या आतील अंगास जुन्या गंजाचा ठिपका मिळून आला. गंज खोल असून लोखंड खाल्लेले आहे, असे पंचांनी पाहून सांगितले. पाचर फुटली. पुढील मजकूर साक्षीदाराने पुन्हा सांगितल्यावरून.)

पुढं जे झालं ते तुमच्या डोळ्यांदेखत झालं, तरी कागदावर पायजे म्हणता म्हून सांगते. दिनकर ठिपका बघून बावरला. म्हणला, "मग ही इतकी सालं होती कुठं?" नर्मदाबाई दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला अन् म्हणली, "दिनकरा, मी टाकली होती. तुझा बाप गेल्यावर मला ती बघवत न्हवती." दिनकर म्हणला, "अन् मला चोरीला गेली म्हणलीस?" ती म्हणली, "टाकली म्हणले असते तर तू उकिरडा उपसला असतास." तो म्हणला, "उपसला असता. माझ्या बापाची होती, माय." त्याचा आवाज फाटला. एवढा मोठा गडी, मला बघवंना.

मग तो अमीनसाहेबांना म्हणला की फिर्याद मागं घेतो, मुंजाजीला सोडा. हवालातीचं दार उघडलं. मुंजाजी बाहेर आला तो अंग चोरून. दिनकर त्याच्यापुढं गेला अन् म्हणला, "मुंजाभाऊ, चुकलं माझं." मुंजाजी म्हणला, "कुऱ्हाड तुमीच न्या मालक." दिनकर म्हणला, "न्हाई. तू वापर. माझ्या घरी ती टांगूनच राहील." मी मुंजाजीला म्हणले, आता तरी मुकाट्यानं घे.

मी खाली बसून पातं मांडीवर घेतलं, दांडा भोकात घातला अन् कमरंची पाचर काढली. दिनकर शेजारी वाकून बघायला लागला. त्यानं पाचर उचलून बघितली. म्हणला, "अव्वा, हे कशाला लागतंय?" मी म्हणले, दांडा हलू नये म्हून. तो म्हणला, "मी तर खिळा ठोकला होता. बापानं वा म्हणून पाठ थोपटली होती." अन् मग, पाचर हातात तशीच धरून, म्हणला, "खिळ्यानं चालत न्हाई का?"

नर्मदाबाई दारातच उभी होती. मी तिच्याकडं बघितलं न्हाई.

मी म्हणले, "न चालायला काय झालं? खिळ्यानं बी चालतंय. झक्क बसतो. ही आपली म्हातारीची हौस हाय."

तो म्हणला, "मग ठीक हाय." पाचर माझ्या हातात दिली. मी ती दगडानं ठोकून बसवली, दांडा पायरीवर आपटून बघितला अन् कुऱ्हाड मुंजाजीच्या हातात दिली. दिनकर आईला घेऊन आपल्या गाडीनं गेला. मुंजाजी अन् बायनाबाई बाहेर बैलाला वैरण घालायलेत. माझं काम झालं, पायरी मोकळी करते.

हा जबाब मोहर्रिरनं मला पहिल्यापासून वाचून दाखवला, दिनकर गेल्यावर अन् दार लावून. मी बोलले तसाच उतरलाय. याची नक्कल फिर्यादीला देऊ नये, अन् पुढं कवा त्यानं मागितली तरी देऊ नये, अशी माझी अर्जी हाय, ती अमीनसाहेबांनी कबूल केली. जबाबात एकच बोल खोटा हाय. खिळ्यानं चालतंय, हा. तो मी जाणून बोलले अन् परत इचारलं तर परत बोलंन. तो खोडू नका. बाकी समदं खरं हाय.

निशाणी डावा अंगठा, शिवम्मा.